चौदा वर्षांच्या भाचीला कोणत्या गुप्तहेरकथा वाचायला द्याव्यात?
अगं, तिच्या हातात थेट शेरलॉक होम्सचं जाडजूड समग्र देऊ नकोस. ते उशाशीच पडून राहतं. आधी भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे. फुरसुंगीचा हा बनेश, त्याची सायकल आणि तोंडाने काढलेलं ते ‘ट्टॉक्’! चौदाव्या वर्षी तो बाळबोध वाटेल म्हणतात; मला पन्नाशीतही वाटत नाही. मग फेलूदा. सत्यजित राय यांनी १९६५ साली ‘संदेश’ मासिकात आणलेला हा बंगाली गुप्तहेर अशोक जैनांच्या अनुवादातून मराठीत मिळतो. गोष्ट सांगतो त्याचा किशोरवयीन चुलतभाऊ तोपशे, म्हणून पोरं चटकन गुंततात. पूर्वजन्म आठवणाऱ्या मुलाची, जैसलमेरला पोचणारी कथा पहिली दे. होम्स हवाच असेल, तर बास्करव्हिलचा कुत्रा. आणि खुनी कोण ते जेवताना बोलून जाऊ नकोस, तुझी खोड आहे ती!