आधी थर्मामीटर की आधी सुई?

प्रश्न : साहेब, माझ्याकडे लालकंधारी बैलजोडी, एक म्हैस, सहा शेळ्या आणि एक घोडी आहे. घोडी लग्नसराईत वरातीला जाते, चार महिन्यांत वर्षाचं मीठमिरची निघतं. मागच्या मे महिन्यात जुनी घोडी पोट दुखून गेली. गावात येणाऱ्या डॉक्टरनं आल्या आल्या तीन सुया टोचल्या, सालगड्यानं गोडंतेल पाजलं, पहाटे घोडी संपली. यंदा माळेगावच्या यात्रेत दुसरी घेतली. बैलाचा डॉक्टर घोड्याला चालतो का? आणि चांगला डॉक्टर अगोदरच ओळखायचा कसा? – एक वाचक, लोहा तालुका, जि. नांदेड

उत्तर : दादा, तुमचं पत्र दोनदा वाचलं. दोन्ही वेळा ‘तेल पाजलं’ इथं अडकलो. तुमच्या सालगड्याला मी दोष देणार नाही, कारण हेच मी स्वतः केलेलं आहे, आणि मी तर शिकलेला होतो.

परभणीच्या पशुवैद्यक कॉलेजातून बाहेर पडून नोकरीला लागलो, त्याला आठ महिने झाले होते. टांग्याचा घोडा आणला. लोळत होता, पोटाकडे मान वळवून बघत होता. बैलाला पाजतात तसं बांबूच्या नळकांड्यानं तोंड वर करून जवसाचं तेल ओतलं. घोडा दोनदा ठसकला. मला वाटलं, चव आवडली नसेल. दुसऱ्या दिवशी नाकातून पिवळा फेस, तिसऱ्या दिवशी घोडा गेला. पोटदुखीनं नाही. तेल फुफ्फुसात उतरलं होतं. टांगेवाला मला एक शब्द बोलला नाही. त्यानं घोड्याच्या गळ्यातली घुंगरांची माळ सोडली, सदऱ्याला पुसली आणि खिशात घातली. ते पुसणं अजून दिसतं मला.

म्हणून पहिल्या प्रश्नाचं उत्तर असं. पदवी एकच असते. बी.व्ही.एस्सी. झालेला माणूस बैल, म्हैस, शेळी, घोडा, कुत्रा सगळं शिकलेला असतो. पण शिकणं वेगळं आणि हात बसणं वेगळं. आपल्या भागात डॉक्टरचा दिवस म्हशीची वार, गाईचं माजावर न येणं, बैलाचा खांदा यात जातो. घोडा सहा महिन्यांतून एकदा दिसला तर दिसला. यात त्याचा काही दोष नाही. पण घोडा म्हणजे बिनशिंगाचा बैल नव्हे. गाईच्या पोटात चार कप्पे, गॅस झाला तर ढेकर देऊन मोकळी होते. घोड्याचं पोट एकच, अंगाच्या मानानं लहान, आणि त्याला उलटी करता येत नाही. आत गॅस आणि पाणी साचलं की वर यायला वाट नसते, पोट फुटू शकतं. म्हणून पोटशूळात घोड्याचा जाणकार नाकातून नळी घालून ते काढतो. नळी श्वासनळीत गेली नाही ना, याची खात्री करतो आणि मगच त्या नळीतून औषध सोडतो. तोंडातून बाटलीनं काही ओतत नाही.

तेव्हा डॉक्टरला सरळ विचारा, ‘साहेब, गेल्या वर्षात घोडे किती बघितले? नाकातली नळी तुम्ही स्वतः घालता का?’ विचारायला संकोच वाटतो, मला माहीत आहे. डॉक्टरला प्रश्न विचारणं आपल्याकडे उद्धटपणा धरतात. तरी विचारा. चिडला तर तिथंच कळलं. ‘मी नळी घालत नाही, वेदना कमी करायचं इंजेक्शन देतो आणि अमुक ठिकाणी पाठवतो,’ असं म्हणाला, तर त्याचा नंबर आधी लिहून घ्या. माझ्या हाताखाली काम केलेल्यांत ज्यांना ‘हे मला येत नाही’ म्हणता आलं, त्यांच्या हातून जनावरं कमी मेली.

आता ‘गावात येणारा डॉक्टर’ याबद्दल. आपल्याकडे मोटारसायकलला पेटी बांधली की माणूस डॉक्टर होतो. पदवीधराचं नाव राज्याच्या पशुवैद्यक परिषदेत नोंदलेलं असतं, त्याला नोंदणी क्रमांक असतो. 1984 च्या केंद्राच्या कायद्याप्रमाणे उपचाराचा अधिकार नोंदणीकृत पदवीधराला. पदविका झालेल्या पर्यवेक्षकांना किरकोळ सेवांची परवानगी आहे, तीही पदवीधराच्या देखरेखीखाली. हे पर्यवेक्षक कामाचे असतात बरं. लस टोचणं, कृत्रिम रेतन, मलमपट्टी यात कित्येकांचा हात माझ्यापेक्षा साफ होता. पण लोळणारी घोडी हे त्यांचं काम नाही. शिवाय विमा असेल तर नोंदणीकृत डॉक्टरच्या दाखल्याशिवाय दावा पुढं सरकत नाही. तेव्हा सरळ क्रमांक विचारा. खरा असेल त्याला राग येत नाही.

आणि डॉक्टर ओळखायचा तर जनावर धडधाकट असताना बोलवा. घोडीला धनुर्वाताची लस द्यायचीच आहे. घोड्याइतका धनुर्वात दुसऱ्या पाळीव जनावराला क्वचितच लागतो, आणि तुमची घोडी वरातीत खिळे, काचा तुडवत चालते. त्या दिवशी म्हैसही दाखवा. मग गप्प उभं राहून बघा. गाडीवरून उतरल्या उतरल्या सुई भरतो, की आधी विचारतो? काय खाल्लं, लीद कधी टाकली, गाभण आहे का, आधी कुणी काय दिलं? शेवटचा प्रश्न फार मोलाचा. तुमच्या जुन्या घोडीला तीन सुया कसल्या होत्या हे तुम्हालाच माहीत नाही, मग पुढच्या डॉक्टरला कळणार कुठून? थर्मामीटर लावतो का? म्हशीच्या डाव्या भकाळीवर मूठ दाबून रवंथाची हालचाल मोजतो का? घोडीजवळ जाताना मागून न येता डाव्या खांद्याशी, बोलत बोलत जातो का? हिरडीवर बोट दाबून सोडतो आणि रंग परत यायला किती वेळ लागतो ते बघतो का? दोन सेकंदांच्या आत यायला पाहिजे. पोटावर दोन्ही बाजूंनी स्टेथोस्कोप लावून आतडी वाजतात का ऐकतो का? एवढ्याला पाच-सात मिनिटं लागतात. ज्याच्याकडे ती नाहीत, त्याच्याकडे रात्री दोन वाजता तर नसतीलच.

गप्पांच्या ओघात एक गोष्ट विचारून ठेवा. ‘म्हशीचा खुराक घोडीला घातला तर चालेल का?’ जाणकार लगेच विचारील, पोत्यावर काय लिहिलंय? काही पशुखाद्यांत आणि कोंबडीखाद्यांत मोनेन्सिन नावाचं औषध घालतात. गाईला ते सोसतं, घोड्याला विष आहे, हृदय बंद पाडतं. उलटंही आहे. गुंगीसाठी झायलाझीन वापरतात, ते गाईला घोड्याच्या मानानं साधारण दहाव्या हिश्श्यानं पुरतं. घोड्याच्या मापानं गाईला टोचलं की गाय आडवी. ज्याला हा फरक तोंडपाठ, त्याला दोन्ही जनावरं दाखवायला हरकत नाही.

यात्रेतून आणलेली घोडी आहे म्हणून आणखी एक. ग्लँडर्स नावाचा रोग घोड्यागाढवांत असतो. नाकातून चिकट पू, अंगावर गाठी येतात आणि तो माणसालाही होतो. नवीन जनावर दोन-तीन आठवडे वेगळं बांधायचं, पाण्याची बादली वेगळी. शंका आली तर रक्ताचा नमुना हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात तपासला जातो. रोग निघाला तर जनावर मारावं लागतं, त्याची भरपाई मिळते. नाकातला पू बघून हातमोजे घालणारा आणि वर कळवणारा डॉक्टर धरा. ‘कशाला बोभाटा करता, देतो सुई’ म्हणणारा गोड बोलतो, पण त्याला घराच्या उंबऱ्याआत घेऊ नका.

तुमच्यापुरतं सांगायचं तर एकच डॉक्टर शोधत बसू नका. बैल, म्हैस, शेळ्यांना जवळचा सरकारी दवाखाना. तो श्रेणी 1 चा असेल तर पदवीधर अधिकारी असतो, एवढी चौकशी करा. फिरत्या पथकासाठी 1962 हा नंबर आहे. घोडीसाठी उदगीर आणि परभणी, दोन्ही कॉलेजांना चिकित्सालयं आहेत. लग्नसराई सुरू व्हायच्या आत एकदा जाऊन या. रात्री कोण असतं, घोड्याच्या पोटाची शस्त्रक्रिया होते का, नसेल तर पुढं कुठं पाठवता, हे तिथंच विचारा. आणि घोडी चढवायला उतार असलेला पिकअपवाला आजच ठरवा. मी बघितलंय, डॉक्टर मिळतो आणि गाडीवाला पहाटेपर्यंत फोन उचलत नाही.

पुन्हा पोट दुखलं तर पुढचा चारा काढा. जबड्याखालच्या शिरेवर बोट ठेवून मिनिटाला ठोके मोजा. शांत घोड्याचे 28 ते 44 असतात, साठच्या वर गेले तर वाट बघू नका. फोनवर ठोके, हिरडीचा रंग, शेवटची लीद एवढं सांगितलं की डॉक्टर काय काय घेऊन निघायचं ते ठरवतो. लोळून अंग आपटत असेल तर हळूहळू फिरवा. आणि तेलाची बाटली घरात मागच्या फळीवर ठेवा.

प्रश्न : माझ्याकडे वीस उस्मानाबादी शेळ्या आहेत. डॉक्टर शेळीसाठी यायला का-कू करतात. आले तरी शेळीच्या किमतीत फी बसत नाही. काय करावं? – एक वाचक भगिनी, धाराशिव जिल्हा

उत्तर : ताई, डॉक्टरचंही खरं आहे आणि तुमचंही. एका शेळीसाठी वीस किलोमीटर कुणी येत नाही. गल्लीतल्या चार-पाच घरच्या शेळ्या मिळून शंभर करा आणि डॉक्टरला वर्षातून तीन ठरलेल्या तारखांना बोलवा. पावसाळ्याआधी आंत्रविषाराची लस, पीपीआर या शेळ्यांच्या साथरोगाची लस राहिली असेल तर ती, आणि जंताचं औषध. जंताचं औषध देण्याआधी पाच-सहा शेळ्यांच्या लेंड्या तपासायला मागणारा डॉक्टर मिळाला तर त्याला चहा पाजा. दरवेळी तेच औषध ओतून ओतून जंत त्याला जुमानत नाहीत, तुमचा पैसा मात्र जातो.

आणि एखादी शेळी मेली तर पुरायच्या आधी फोन करा. मेलेली शेळी उघडून बघायला जो येतो, तो उरलेल्या एकोणीस वाचवतो. शेळी गेलीच आहे, आता कशाला, असं म्हणून आपण इथंच चुकतो.

प्रश्न : आमचे डॉक्टर चिठ्ठी लिहीत नाहीत, स्वतःच्या पेटीतूनच औषध देतात. चालतं का? – एक देवणी पाळणारा, लातूर

उत्तर : पेटीतून देऊ देत, आडरानात मेडिकल कुठून येणार? पण बाटलीवरचं नाव तुमच्या वहीत त्यांच्याच हातानं लिहून घ्या. तारीख, किती मिली, आणि दूध किती दिवस डेअरीला घालायचं नाही, तेही. प्रतिजैविक टोचल्यावर दूध काही दिवस बाजूला ठेवावं लागतं, हे न सांगणारा डॉक्टर अर्धंच काम करतो. बाटलीवर डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक दिसलं तर परत करा. मेलेल्या जनावरात ते राहतं आणि ते मांस खाणाऱ्या गिधाडांची मूत्रपिंडं जातात, म्हणून जनावरांसाठी त्यावर 2006 पासून बंदी आहे. मेलॉक्सिकॅम मागा, ते सगळीकडे मिळतं. वहीत नाव लिहायला टाळाटाळ केली, तर औषध न घेता फक्त तपासणीची फी द्या आणि वही घेऊन तालुक्याच्या दवाखान्यात जा.