टेक्सासात जमीन आहे? मग तेल-वायूच्या लीजवर सही करण्याआधी एवढं वाचा

आधी काउंटी क्लार्ककडच्या नोंदींत बघा, जमिनीखालचं तेल तुमचंच आहे का. टेक्सासात जमीन एकाची आणि खनिजहक्क दुसऱ्याचा असं सर्रास असतं, आणि कायद्यात पारडं खनिजवाल्याचं जड.

हक्क तुमचा असेल तर लँडमन, म्हणजे तेल कंपनीसाठी लीज गोळा करणारा माणूस, छापील करार घेऊन येईल आणि म्हणेल, "हा स्टँडर्ड फॉर्म आहे." तसं काही नसतं. तो एकरी बोनसवर, म्हणजे सहीसाठी मिळणाऱ्या रकमेवर, बोलत राहील; तुम्ही रॉयल्टीवर, म्हणजे निघालेल्या तेल-वायूतल्या तुमच्या वाट्यावर, बोला. जुना दर 1/8, म्हणजे 12.5 टक्के, चांगल्या भागात 20 ते 25 टक्के मिळतात. खरी मेख मात्र खर्चाच्या कलमात आहे. वायू दाबणं, शुद्ध करणं, वाहून नेणं, यांचा खर्च तुमच्या वाट्यातून कापायचा नाही असं लिहून घ्या. आणि रॉयल्टी 'विहिरीपाशी' असलेल्या भावाने मोजू देऊ नका, त्या भावातून हे खर्च आधीच वजा झालेले असतात, आणि ते कलम लंगडं पडतं. माझं पडलं; पहिला चेक बघून कळलं.

मुदत 3 वर्षं पुरे. 'प्यू क्लॉज' (Pugh clause), म्हणजे मुदत संपल्यावर उत्पादनात नसलेली जमीन लीजमधून सोडवणारं कलम, मागाच, नाहीतर एका विहिरीच्या जोरावर सगळी जमीन अडकून बसते. रस्ता, कुंपण, पिकाची भरपाई वेगळी लिहून घ्या. वकील तेल-वायूचाच बघा, घरखरेदीच्या वेळचा नको.