जुनी लोकशाही आतूनच कशी कोसळते?

रस्त्यावर रणगाडे न उतरता, निवडणुका होत असतानाच, जुनी लोकशाही हुकूमशाहीकडे कशी जाते, असे आपण विचारले आहे. माझ्या मते ती बहुधा कायदा वापरूनच मोडली जाते, आणि ज्यांच्या हाती अडवण्याचा अधिकार असतो ते दरवेळी ‘एवढ्याने काय बिघडते’ असे म्हणत संमती देतात.

उरुग्वेत २७ जून १९७३ रोजी संसद बरखास्त करणारे बोर्दाबेरी हे लोकांनी निवडलेले राष्ट्राध्यक्ष होते. सैन्य त्यांच्या पाठीशी होते हे खरे. पण त्याआधी एप्रिल १९७२ मध्ये ‘अंतर्गत युद्धस्थिती’ जाहीर करून सैन्याला जादा अधिकार मिळवून दिले ते त्याच संसदेने. व्हेनेझुएलात १९५८ पासून लोकशाही होती; तेथे २००४ मध्ये कायदा करूनच सर्वोच्च न्यायालयातील न्यायाधीशांची संख्या २० वरून ३२ करण्यात आली आणि नव्या जागांवर सत्ताधाऱ्यांच्या मर्जीतील माणसे आली.

आमच्या राजापूरकडे खाडीचे खारे पाणी भातशेतीत शिरू नये म्हणून मातीचे बांध घालतात. बांध फुटतो उधाणाच्या रात्री, पण खेकड्यांनी तो कित्येक महिने पोखरलेला असतो आणि डागडुजी कोणी करायची यावर वाद चाललेला असतो.

आपल्याकडची ती रात्र २५ जून १९७५ ची. आणीबाणीच्या घोषणेवर राष्ट्रपतींची सही रात्रीच झाली; मंत्रिमंडळाला ते दुसऱ्या दिवशी सकाळी कळले, तरी एकाही मंत्र्याने राजीनामा दिला नाही. आमचे खासदार मधु दंडवते बंगळूरच्या तुरुंगात गेले. मी तेव्हा शाळेत होतो. घरात मोठी माणसे त्यांचे नाव आवाज खाली आणून घेत, हे मला आजही आठवते आणि आजही बोचते. पुढे २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाचपैकी चार न्यायमूर्तींनी स्थानबद्धांना न्यायालयात दाद मागता येणार नाही, असा निर्णय दिला. एकट्या ह. रा. खन्ना यांनी विरोधी मत नोंदवले, आणि पुढच्याच वर्षी सरन्यायाधीशपदासाठी त्यांना डावलण्यात आले.

१९७७ मध्ये राजापूरने दंडवत्यांना पुन्हा निवडून दिले. मतदारांनी सरकार बदलले, पण मला अधिक मोलाची वाटते ती त्यानंतरची डागडुजी: १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीनुसार मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी कळवल्याशिवाय राष्ट्रपतींना आता आणीबाणी जाहीर करता येत नाही.