इंग्लंडला पॅरामेडिक म्हणून यायचं म्हणतोस, तर…

तू मला ताई म्हटलंस म्हणून अरे-तुरे करतेय, राग मानू नकोस. इतरांसाठी तुझा प्रश्न थोडक्यात सांगते: बीएएमएस झालं, मग पुण्यातच इमर्जन्सी मेडिकल सर्व्हिसेसचा पदविका कोर्स, मग बरीच वर्षं १०८ च्या अँब्युलन्सवर. आता काही तालुक्यांतल्या गाड्या आणि त्यांवरचे डॉक्टर, पायलट (म्हणजे गाडीचे ड्रायव्हर) यांची देखरेख तुझ्याकडे आहे. बायको हिंजवडीत, मुलगा दुसरीत. इंग्लंडमध्ये अँब्युलन्सवर काम करायचंय, आणि टीम लीड म्हणून घेतलेल्या अनुभवाला, तुझ्या शब्दांत ‘लीडरशिप आणि एक्स्पर्टाइज’ला, तिकडे किंमत मिळेल का, हे तुला हवंय.

व्हिसा, फी, पगाराची अट, इंग्रजीची परीक्षा हे सगळं सरकारी वेबसाइटवर आहे आणि सारखं बदलत असतं, ते तिथेच वाच. अनुभवाच्या किमतीचं मात्र मी सांगते. तुझा प्रश्न नाइटला गाडीत बसून वाचला आणि सकाळी घरी येऊन झोप काही लागली नाही.

कागदावर किंमत शून्य. प्रत्यक्ष कामात भरपूर, पण ती तुझी तुलाच माहीत असते. तुझं ज्ञान, तुझा हात, तुझी नजर सगळं बरोबर येतं. तुझ्या शब्दाला असलेलं वजन पुण्यातच राहतं.

मी २०१४ मध्ये १०८ सुरू झाली तेव्हाची. राज्यभरात ९३७ गाड्या, त्यांतल्या २३३ एएलएस, म्हणजे गंभीर पेशंटसाठी जास्त साधनं असलेल्या, आणि ७०४ साध्या, बीएलएस, आणि गाडीत डॉक्टर. गाडीत डॉक्टर असतो हे आपण अभिमानाने सांगायचो. इथे नेहमीच्या अँब्युलन्सवर डॉक्टर नसतोच, पॅरामेडिक असतो, आणि त्याला डॉक्टरची उणीव भासत नाही. पॅरामेडिक हे नाव कायद्याने राखीव आहे. एचसीपीसी या इथल्या नोंदणी करणाऱ्या संस्थेकडे नोंदणी असल्याशिवाय कुणी स्वतःला तसं म्हणवून घेतलं तर तो गुन्हा ठरतो. २०२१ पासून या शिक्षणाची किमान पातळी पदवीची झाली. आता आपलं बघ. बीएएमएसवर इथे डॉक्टर म्हणून उभं राहता येत नाही, आणि बीएएमएस ही काही पॅरामेडिकची पदवीही नव्हे. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी, ते अगदी हेच.

मी २०१८ मध्ये नवऱ्याच्या नोकरीमागे आले. इमर्जन्सी केअर असिस्टंट म्हणून लागले: गाडी चालवायची, स्ट्रेचर ओढायचं, ऑक्सिजनचे सिलिंडर तपासायचे, पॅरामेडिक सांगेल ते हातात द्यायचं. पुढे नोकरी करत पदवी देणारा मार्ग मिळाला, पण त्यासाठी आधी देशात तीन वर्षं राहिलेलं असावं लागतं. पदवीनंतर नवशिक्या पॅरामेडिक म्हणून दोन वर्षं बँड ५ (इथल्या सरकारी आरोग्यसेवेतली पगाराची श्रेणी), मग बँड ६. आता मी बँड ६ वर आहे. ज्या पोरीच्या हाताखाली पुण्यात इंटर्न डॉक्टर शिकायचे, ती ही.

पहिल्या वर्षातला एक कॉल सांगते. साठीचा माणूस, छातीत दुखतंय, कपाळावर घाम. मी ईसीजीचे लीड लावले, मशीनमधून पट्टी सरकायला लागली आणि दोन, तीन आणि एव्हीएफ या लीडमध्ये एसटी वर गेलेली, म्हणजे हार्ट अटॅकची खूण, मला उलटी वाचतानाच दिसली. माझा पॅरामेडिक तेवीस वर्षांचा. मी पट्टी फाडून त्याच्या हातात दिली आणि गप्प उभी राहिले. त्याने पाहिलं, बरोबर ओळखलं, थेट हार्ट सेंटरला फोन लावला, आणि जवळचं हॉस्पिटल मागे टाकून आम्ही सरळ अँजिओप्लास्टीच्या टेबलापर्यंत गेलो. बेड आहे का, कॅशलेस चालेल का, डिपॉझिट किती, असलं एकही वाक्य कुणाच्या तोंडून निघालं नाही. मी ड्रायव्हिंग सीटवर बसून आनंदाने आणि रागाने एकदमच गाडी चालवत होते. राग त्या पोरावर नव्हता. कुणावर होता ते अजून ठरवता आलेलं नाही.

खरं कौशल्य कशात आहे हे मात्र मला इथे उमगलं, आणि ते तुला आत्ताच माहीत असावं. आपल्याकडे गाडी दारात आली म्हणजे पेशंट हलवायचाच. नाही हलवला तर नातेवाईक अंगावर येतील, उद्या काही झालं तर पेपरात नाव येईल. इथे पॅरामेडिकची खरी परीक्षा पेशंटला घरी ठेवण्यात असते. पहाटे तीन वाजता बाथरूममध्ये पडलेली एकटी आजी. तिला उचलायचं, डोक्यापासून पायापर्यंत तपासायचं, बीपी झोपवून घ्यायचं आणि उभं करून घ्यायचं, औषधांचे डबे उघडून बघायचे, ती स्वयंपाकघरापर्यंत चालते का हे तिच्यामागून चालत पाहायचं. मग ठरवायचं की ही घरीच राहील, सकाळी तिच्या जीपीला, म्हणजे फॅमिली डॉक्टरला, कळवायचं, काय झालं तर परत फोन कर हे कागदावर लिहून द्यायचं आणि खाली सही करायची. माझी. १०८ च्या औंधमधल्या कंट्रोल रूममधले डॉक्टर फोनवर ‘घेऊन या’ म्हणायचे, तो आधार इथे नाही. सल्ल्याला माणूस मिळतो, जबाबदारी तुझीच राहते. बऱ्याच अनुभवी डॉक्टरांचे हात या सहीपाशी अडखळतात. माझेही अडखळायचे.

इथलं सगळं गोडगोड आहे असंही समजू नकोस. हार्ट अटॅक, लकवा यांच्यासारख्या कॅटेगरी २ च्या कॉलला सरासरी १८ मिनिटांत पोचायचं हे मूळ उद्दिष्ट. डिसेंबर २०२२ मध्ये इंग्लंडची ही सरासरी दीड तासाच्या वर गेली होती. गाड्या होत्या, माणसं होती, फक्त सगळी हॉस्पिटलच्या दारात पेशंट घेऊन रांगेत उभी. आत बेड रिकामा होईपर्यंत तू त्याच पेशंटच्या उशाशी. पुण्यात विसर्जनाच्या गर्दीतून लोक गाडीला वाट करून द्यायचे, ते इथे रांगेत बसून फार आठवायचं.

आता लीडरशिप. यावर मी जास्त लिहिणार, कंटाळा आला तर सोडून दे.

३० जुलै २०१४ ला आंबेगाव तालुक्यात माळीणवर डोंगर कोसळला. १५१ माणसं गेली. आपली सेवा तेव्हा जेमतेम सहा महिन्यांची. आमची गाडी पोचली तेव्हा पाऊस थांबत नव्हता, रस्ता अरुंद, समोरून जेसीबी, मागून पुढाऱ्यांच्या गाड्या, आणि आमच्या अँब्युलन्स एकामागे एक नाक खुपसून उभ्या. कुणाचं ऐकायचं हे आम्हा नव्या डॉक्टरांपैकी एकालाही ठाऊक नव्हतं. आमचा पायलट, दहावी झालेला, आधी ट्रक चालवलेला माणूस, तो खाली उतरला. भिजत, हातवारे करत, एकेक गाडी मागे घ्यायला लावून सगळ्यांची तोंडं त्याने परतीच्या दिशेला करवली. मधे एक गाडी जाईल एवढी वाट मोकळी ठेवली. किल्ल्या गाडीतच ठेवा म्हणून प्रत्येकाला दटावलं. त्याला हे कुणी शिकवलं नव्हतं आणि कुणी सांगितलंही नव्हतं.

इथे पदवीच्या वर्गात मोठ्या दुर्घटनेचा धडा आला. सगळ्यात आधी पोचलेल्या गाडीने पेशंटला हात लावायचा नाही. कंट्रोलला ठरलेल्या क्रमाने कळवायचं: मोठी दुर्घटना जाहीर, नेमकी जागा, प्रकार, धोके, गाड्या कुठून आत घ्यायच्या, जखमी किती, कोणत्या सेवा आल्यात आणि कोणत्या हव्यात. वरिष्ठ येईपर्यंत दोघांतला एक कमांडर, दुसऱ्याकडे संपर्क. मग पार्किंगची जागा कुठली, पेशंट चढवायची जागा कुठली, त्यावर माणूस नेमायचा, त्याच्या अंगावर तसं लिहिलेलं जाकीट. फळ्यावर गाड्यांचा नकाशा काढला होता. सगळ्यांची तोंडं परतीला, मधे वाट मोकळी. मी त्या फळ्याकडे बघत बसले.

नंतर टीम लीडरच्या जागेसाठी मुलाखत दिली तेव्हा हेच सांगितलं. पॅनेलने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, यात तुमची स्वतःची भूमिका काय होती? मी खरं ते सांगितलं, की त्या दिवशी नेतृत्व पायलटने केलं आणि मी त्याचं ऐकलं. ठरावीक प्रश्न, ठरावीक रकाने, प्रत्येक रकान्याला गुण. ऐकण्याला रकाना नव्हता. जागा दुसऱ्याला मिळाली. त्यांच्या पद्धतीने ते रास्तच होतं. मला अजूनही पटलेलं नाही.

म्हणून तुझ्या प्रश्नात लीडरशिप आणि एक्स्पर्टाइज हे दोन शब्द तू जोडीने लिहिलेस, तिथे मी थबकले. आपल्याकडे सीनियर झालं की दोन्ही एकदम पदरात पडतं. इथे हे दोन वेगळे जिने आहेत. एक कमांडचा: टीम लीडर, ऑपरेशनल कमांडर, टॅक्टिकल, वर स्ट्रॅटेजिक. दुसरा क्लिनिकल: स्पेशालिस्ट, अ‍ॅडव्हान्स्ड, पुढे कन्सल्टंट पॅरामेडिक. पहिल्यावर चढणारे हळूहळू पेशंटपासून लांब जातात, दुसऱ्यावर चढणाऱ्यांना रोस्टर आणि रजा यांची कटकट नसते. तुझ्यासारख्याला सगळे कमांडकडे ढकलतील, कारण ‘मॅनेजर होता’ असं तुझ्या अर्जात दिसेल. माझं मत विचारशील तर क्लिनिकल धर. आयुर्वेदाच्या कॉलेजात बसून रोग्याचं नीट ऐकून घ्यायची जी सवय लागते ना, ती त्या आजीच्या घरात फार कामी येते. हे मी कुठल्याच मुलाखतीत बोललेले नाही, तुलाच सांगतेय.

आणि एक. इथे वाईट कॉलनंतर टीम लीडर फोन करतो, बसवून बोलतो, पुढचा कॉल द्यायचा की नाही ते विचारतो. तुझ्या हाताखालच्या मुलांसाठी हे आजपासून करता येईल, त्याला विमानाचं तिकीट लागत नाही. खडकवासल्यात बुडालेल्या पोराचा कॉल झाला की आमचा पायलट चहाच्या टपरीशी गाडी थांबवायचा, चहा मागवायचा आणि न पिता कॅनमधल्या पाण्याने गाडीची फरशी धूत बसायचा. मी चहा पिऊन पुढचा कॉल घ्यायचे.

कागदपत्रांचं थोडं, कारण तो राग अजून जिरलेला नाही. अभ्यासक्रम तासांसकट हवा असतो: किती तास वर्ग, किती तास प्रत्यक्ष गाडीवर. कॉलेजच्या ऑफिसात मला ‘साहेब मीटिंगला गेलेत’ यापलीकडे पुष्कळ दिवस काही मिळालं नाही. शेवटी बंद पाकीट मिळालं, तर त्याच्या तोंडावर शिक्का आणि सही हवी होती. त्यांनी पाकीट स्टेपल केलेलं आणि शिक्का दुसऱ्या बाजूला, मधोमध. नावाचा घोळ वेगळाच. आपल्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. इकडच्यांनी आडनाव हेच माझं नाव धरलं. डिग्रीवर माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं, त्याचं प्रतिज्ञापत्र निराळं. तुझ्या बायकोचे कागद आत्ताच काढून बघ, तुझ्यापेक्षा तिला त्रास होईल.

गाडीचा परवाना हाही स्वतंत्र खटाटोप. साडेतीन टनांवरच्या अँब्युलन्सला सी१ हा जड गाडीचा परवाना लागतो. १९९७ च्या आधी कारची परीक्षा पास झालेल्या इथल्या लोकांना तो आपोआप मिळालेला, बाकीच्यांनी वैद्यकीय तपासणीपासून सुरुवात करायची. आपला भारतीय परवाना बारा महिने चालतो, पुढे पहिल्यापासून परीक्षा. लक्ष्मी रोडवर गाडी काढलीय हे कुणाला सांगायला जाऊ नकोस, हसतात.

एकटेपणाचं विचारलंयस. असतो. शिफ्टच एवढ्या असतात की त्याला वेळ मिळत नाही.

मुलाच्या शाळेचं मात्र नीट वाच. आम्ही आलो तेव्हा मुलगी सात वर्षांची, कोथरूडच्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेतली, गोष्टींची जाडी पुस्तकं वाचणारी. वर्षाच्या मधे आल्यामुळे घराजवळच्या शाळेत जागा नव्हती, दोन बस बदलून जावं लागे. प्रवेशाच्या फॉर्मवर ‘घरी बोलली जाणारी भाषा’ असा रकाना होता. आम्ही मराठी लिहिलं, दुसरं काय लिहिणार? पोरीला इंग्रजी न येणाऱ्या मुलांच्या टेबलावर बसवलं. तिच्यापुढे सफरचंदाचं चित्र धरून हे काय आहे ते विचारायचे. मी बाईंना भेटले, त्या गोड हसल्या, पुढच्या टर्मला बघू म्हणाल्या. पुढच्या टर्मलाही तेच. तिने आम्हाला काही सांगितलं नाही, घरात मराठी बोलणं तेवढं बंद केलं. सातव्या वर्षी तिने लावलेला हिशोब सरळ होता: मराठीमुळे त्या टेबलावर बसवतात. आता आजीचा व्हिडिओ कॉल आला की तिला सगळं समजतं, उत्तर इंग्रजीत जातं, आणि आई मला विचारते, काय म्हणाली गं ती?

म्हणून तुझ्या मुलाच्या वेळी फॉर्म भरण्याआधी शाळेत जा, त्याला बरोबर ने, बाईंसमोर त्याला पानभर वाचून दाखवू दे. रकान्यात मराठीच लिही. पण वाचून दाखवल्यानंतर.

परत यायचा विचार आहे का, असं शेवटी विचारलंयस. मुलीची जीसीएसई, म्हणजे इथली दहावीसारखी परीक्षा, व्हायचीय. तोवर हा विषय घरात काढायचा नाही, असं नवऱ्याचं आणि माझं ठरलंय.