रुपया घसरला की रुपयाचे अवमूल्यन झाले?

प्रश्न असा आहे: ‘रुपया घसरला’ आणि ‘रुपयाचे अवमूल्यन झाले’ ही वाक्ये एकाच बातमीत आलटूनपालटून येतात. दोन्हींचा अर्थ एकच का? आणि मग ‘मूल्यऱ्हास’ कुठे वापरायचा?

अर्थ एकच नाही. फरक कर्त्याचा आहे. अवमूल्यन आपोआप होत नाही, ते करावे लागते आणि करणारे असते सरकार किंवा मध्यवर्ती बँक. चलनाचा दर आधी अधिकृतपणे ठरवून दिलेला हवा आणि तो ठरवणाऱ्यानेच खाली आणलेला हवा, तर ते अवमूल्यन. बाजारात डॉलरची मागणी वाढली, आयातदार आणि तेलकंपन्या खरेदीला उतरल्या, परदेशी गुंतवणूकदार शेअर विकून बाहेर पडले आणि त्यामुळे दर उतरला, तर ती घसरण. अर्थशास्त्राच्या पुस्तकात तिलाच मूल्यऱ्हास म्हणतात. बातमीत ‘घसरण’च बरी, ‘मूल्यऱ्हास’ परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत शोभतो.

अवमूल्यनाचे अगदी निखळ उदाहरण ६ जून १९६६चे. डॉलरचा अधिकृत दर ४.७६ रुपये होता, तो सरकारने ७.५० रुपये केला. इथे टक्केवारीचा एक सापळा आहे. डॉलर महागला सुमारे ५७ टक्क्यांनी, पण रुपयाचे अवमूल्यन झाले ३६.५ टक्के, कारण एका रुपयाला मिळणारे डॉलर तेवढे कमी झाले. दोन्ही आकडे बरोबर आहेत, पण ‘रुपयाचे ५७ टक्के अवमूल्यन’ असे लिहिले की चूक. डॉलरची किंमत दुप्पट झाली तरी रुपया ५० टक्केच उतरतो.

पुढचे मोठे अवमूल्यन १९९१चे, १ आणि ३ जुलै अशा दोन टप्प्यांत. डॉलर २१ रुपयांच्या आसपास होता, तो २६च्या घरात गेला. अधिकृत भाषेत याला विनिमय दराचे ‘समायोजन’ म्हटले गेले. सरकारांना ‘अवमूल्यन’ हा शब्द कधीच आवडत नाही, कारण त्यात कर्ता लपत नाही.

त्यानंतर शब्दाच्या पायाखालची जमीनच सरकली. मार्च १९९२मध्ये दुहेरी दर आले: निर्यातदाराने आणलेल्या १०० डॉलरपैकी ४० अधिकृत दराने आणि ६० बाजारदराने बदलले जात. मार्च १९९३मध्ये दोन्ही दर एक झाले आणि बाजारदर तेवढा उरला. खाली आणायला सरकारने ठरवलेला दरच राहिला नाही. म्हणून आजच्या बातमीत ‘रुपयाचे अवमूल्यन’ लिहिणारा उपसंपादक नकळत सरकारने न काढलेला एक आदेश त्याच्या नावावर टाकतो.

म्हणजे सरकारी यंत्रणा बाजूला झाली का? तसे मुळीच नाही. रुपया वेगाने घसरू लागला की रिझर्व्ह बँक आपल्या गंगाजळीतले डॉलर विकते. बदल्यात रुपये तिच्याकडे जातात, त्यामुळे बँकांकडची रोकड आटते. ते नको असेल तर रोखे विकत घेऊन रुपये परत सोडावे लागतात. या कामासाठी ‘हस्तक्षेप’ हा शब्द रुळला आहे. वाक्यात ‘घसरण रोखली’पेक्षा ‘घसरण थोपवली’ किंवा ‘रुपया सावरला’ अधिक खरे, कारण बँक बहुधा ठरावीक दर राखत नाही, चढउतार फार तीव्र होऊ देत नाही एवढेच.

या दोन शब्दांच्या सीमेवरची उदाहरणे परदेशात सापडतात. थायलंडने २ जुलै १९९७ रोजी बाथची डॉलरशी जवळजवळ पक्की असलेली गाठ सोडली. नवा दर जाहीर केलाच नाही. डॉलरला २५च्या आसपास असलेला बाथ जानेवारी १९९८पर्यंत पन्नाशीपलीकडे गेला. निर्णय सरकारचा, पण दर ठरवला बाजाराने. इथे ‘बाथ तरता सोडला आणि तो कोसळला’ अशी दोन क्रियापदे लागतात. ‘अवमूल्यन’ एकटा शब्द पुरत नाही. उलट ११ ऑगस्ट २०१५ रोजी चीनच्या मध्यवर्ती बँकेने युआनचा रोजचा मध्यदर (ज्याच्या आसपासच दिवसाचे व्यवहार होऊ देतात तो दर) जवळपास दोन टक्क्यांनी खाली ठेवला. बँकेने त्याला बाजाराशी जुळवून घेणे म्हटले तरी मराठीत ते अवमूल्यनच.

वरच्या दिशेला ही जोडी लंगडी पडते. बाजारात चलन ‘वधारते’, हा शब्द उत्तम आहे. पण सरकारने दर वर नेला तर सर्वमान्य शब्द नाही. ‘ऊर्ध्वमूल्यन’ कोशात ठीक, बोलण्यात जड. ‘अधिमूल्यन’ टाळावे, कारण ते चलनाचा दर वाजवीपेक्षा जास्त असण्यालाही वापरतात. ‘सरकारने दर वाढवून दिला’ असे सरळ लिहावे.

‘नात्यांचे अवमूल्यन’, ‘पदाचे अवमूल्यन’ हे लाक्षणिक प्रयोग निर्धास्त करा. तिथे कर्ता कोणी विचारत नाही. मात्र इंग्रजी ‘डेप्रिसिएशन’च्या यंत्रानुवादातून येणारा ‘रुपयाचा घसारा’ दिसेल तिथे खोडा. घसारा यंत्रांवर, इमारतींवर आणि वाहनांवर दरवर्षी हिशेबात धरतात. वापराने झिजणाऱ्या मालमत्तेचा तो शब्द आहे, विनिमय दराचा नाही.