लेपटी, सोल आणि सोलकढीतलं सोल

प्रश्न असा आलाय: समुद्रातला तो चपटा मासा, मुंबईच्या बाजारात लेपटी, मालवणात लेपो, हॉटेलच्या मेन्यूवर सोल, हे तिन्ही एकच का? सोलकढीतल्या सोलाशी याचा काही संबंध आहे का? आणि लेपटीचं अनेकवचन काय? विचारणाऱ्या ताईंनी पुढे लिहिलंय की एका व्हिडिओत असं ऐकलं की 'मसाल्याचा जाड लेप लावून तळतात म्हणून लेपटी'. हे मी या वर्षात तिसऱ्यांदा ऐकतोय, त्यामुळे आधी त्याचाच समाचार घेतो. अहो, मसाला बांगड्यालाही लावतात, सुरमईलाही लावतात, बोंबलाला तर रव्यात लोळवतात, मग त्या सगळ्या लेपट्या का नाही झाल्या? माशाचं नाव समुद्रावर पडतं, तव्यावर नाही. कोळणीच्या पाटीत पडलेल्या कच्च्या लेपटीला कुठे मसाला लागलेला असतो?

लेपटी आणि लेपो एकच. आता सोलचं पटकन उरकतो. इंग्रजीतलं सोल हे लॅटिन 'सोलेआ'वरून आलं, म्हणजे सपाट चप्पल. बुटाचा तळ तो सोल आणि चपलेसारखा चपटा मासा तो पण सोल. सोलकढीतलं सोल आपलं, सोलणे मधलं, कोकमाची सोलून वाळवलेली साल. दोघांचा काडीचा संबंध नाही. गंमत एवढीच की लेपटी तव्यावर जायच्या आधी सोलावीच लागते, त्यामुळे 'सोल सोलून सोलकढीबरोबर खाल्ला' हे वाक्य मराठीत अगदी शुद्ध आहे आणि त्यात दोन भाषा तीन वेळा येऊन गेल्यात.

मेन्यूवरच्या सोलबद्दल मात्र एक सांगतोच. गेल्या महिन्यात ठाण्यात एका हॉटेलात (नाव नको) ग्रिल्ड सोल मागवला तर वीतभर लांब आणि बोटभर जाड पांढराशुभ्र तुकडा आला, एकही काटा नाही, चव पण नाही. तो बासा होता, म्हणजे मूळची मेकाँग नदीतली मिशीवाली मासळी, आता तिची भावंडं आंध्रातल्या तळ्यांत वाढवतात. गोड्या पाण्यातला मासा. वाईट आहे असं नाही म्हणत, पण त्याला सोल म्हणणं म्हणजे भोपळ्याला फणस म्हणणं. आपली लेपटी तळहाताएवढी नाहीतर फार तर चांगली हातभर, आणि जाडी म्हणाल तर भाकरीएवढी. तिच्यातून बोटभर जाड तुकडा निघेल कसा? वेटरला विचारलं तर म्हणाला सर सोलच आहे, इंपोर्टेड. बरं.

आता शब्द.

लेपटीचं मूळ 'लपणे' आहे असं एक मत फार फिरतं, वाळूत लपून बसते म्हणून लपटी आणि मग लेपटी. दुसरं मत, 'चपटी'च्या चालीवर लेपटी. ही दोन्ही मतं चांगली नावाजलेली माणसं मांडतात आणि दोन्हीत एकच आळस आहे, अर्थ जुळला की झालं, आवाज जुळतो का ते बघायचंच नाही. लपणे मधला 'ल' चा 'ले' का झाला? लपंडावाचा लेपंडाव झाला का कधी? आणि चपटीच्या चालीवर म्हणता, तर मालवणी लेपो आणि गोव्यातला लेपो यांना 'टी' नाहीच, मग चाल लावली कशाला? टी हा शेवटी चिकटलेला लहानपणा दाखवणारा प्रत्यय आहे, लंगोट-लंगोटी सारखा नव्हे, धाकटी, वाकटी मधल्यासारखा (वाकटीबद्दल वेगळं भांडण आहे, ते परत कधी). मूळ शब्द लेप. आता लेप म्हणजे संस्कृत लिप्, लिंपणे, सारवणे, चोपडणे, इथपर्यंत सगळे येतात आणि थांबतात. मी नाही थांबत, कारण इथेच अडचण आहे.

अडचण ही की संस्कृतातला दोन स्वरांमधला एकटा प मराठीत येईपर्यंत व होतो. दीपचा दिवा, तापचा ताव, नापिताचा न्हावी. मग लेप जर बोलीतून, कोळ्या-गाबतांच्या तोंडून आला असेल तर तो लेव व्हायला हवा. आणि झालाय पण! माझ्या मते कुंकू लेणे, काजळ लेणे, दागिने लेणे मधलं 'लेणे' ते हेच, लेप मधला प आधी व झाला आणि मग गळून गेला. म्हणजे बायका कुंकू 'लेतात' तेव्हा अक्षरशः लिंपतातच. मग माशाचा प का टिकला? पोथीतून उचललेला तत्सम शब्द म्हणावा तर मासे पकडणाऱ्याला पोथीची काय गरज पडली?

उत्तर आहे 'लेप्य'. लेप नाही, लेप्य. संस्कृतात लेप्य म्हणजे लिंपून, मातीने थापून केलेली वस्तू. प्राकृतात त्याचं झालं लेप्प, जैनांच्या प्राकृत ग्रंथांत लाकूडकाम, चित्रकाम यांच्या यादीत 'लेप्पकम्म' म्हणून ते येतंच, म्हणजे मातीच्या लिंपणाचं काम. आणि जोडाक्षरातला प्प मराठीत एकटा प होऊन टिकतो, रूप्यचं रुप्प आणि त्याचं रुपं (चांदी हो), तसंच लेप्यचं लेप्प आणि त्याचा लेप. नियमात चोख बसतं. लपणेवाल्यांनी असा एक तरी नियम दाखवावा मग बोलू.

आणि अर्थ तर बघा किती गोड लागतो. हा मासा म्हणजे समुद्राच्या तळावर कुणीतरी हाताने थापलेली वस्तू. गोवरी थापतात तशी. हे पुस्तकात बसून नाही सुचलं मला. लहानपणी देवगडला मे महिन्यात रापण ओढताना बघितलीय, दोन्ही दोऱ्यांना पंधरा-पंधरा माणसं, जाळं किनाऱ्याला लागलं की मधे चांदीची नुसती उसळी, पेडवे, बांगडे, मुडदुशे, सगळे उड्या मारणारे. ते टोपल्यांत भरून झाले, गर्दी ओसरली, की ओल्या वाळूवर मागे राहायचे लेपे. उडी नाही मारायचे. वाळूच्याच रंगाचे, वाळूला चिकटून, पाय पडेपर्यंत कळायचं नाही, आणि उचलायचे तर पोरांना काम, बोटाचं नख कडेखाली सरकवायचं आणि सोलल्यासारखं उचलायचं. टोपलीत टाकला की परत आतल्या बाजूला चिकटून बसायचा, सारवलेल्या भिंतीवरचा पोपडा जसा. आम्हा पोरांना मेहनताना म्हणून तेच मिळायचे, कारण त्यांना भाव नव्हता. पापलेटच्या पाटीशेजारी लेपट्यांचा वाटा आजही असाच लावलेला असतो, परवडतं म्हणून घेणाऱ्यांसाठी, आणि ट्रॉलरच्या जाळ्यात बारकी आली तर बारक्या मासळीच्या ढिगात ती फिशमीलच्या वाटेला जाते. इतकी सुंदर व्युत्पत्ती असलेला मासा कोंबड्यांच्या खाद्यात!

बाकीच्या जगाने या माशाकडे बघून काय पाहिलं तर जीभ. जर्मन त्याला समुद्राची जीभ म्हणतात, डच नुसतं जीभ, स्पॅनिशमधे पण जिभेवरूनच नाव. शास्त्रज्ञांनी आपल्या लेपटीच्या कुळाला ग्रीकमधून नाव दिलं सिनोग्लॉसस, म्हणजे कुत्र्याची जीभ. मोठा जो भाकस (दातवाला चपटा मासा, लेपटीचा लांबचा थोरला भाऊ) त्याच्या शास्त्रीय नावातला दुसरा शब्द आहे एरुमेई, १८०१ सालचा, ब्लॉख आणि श्नायडर यांच्या नावावर, आणि तमिळमधे एरुमै म्हणजे म्हैस. म्हशीची जीभच असणार ती, मला शंका नाही. म्हणजे कुत्रा झाला, म्हैस झाली, चप्पल झाली. आणि कोकणी माणसाने काय पाहिलं, तर सारवण. आता सांगा कोणाची नजर चांगली. (भाकरीवरून भाकस असं एक सांगतात, तर तो शेवटचा स कुठून आला तेवढं सांगा फक्त.)

आणि हे नाव नुसतं दिसण्यावरून नाही, वागण्यावरून आहे. लेपटी जन्मते तेव्हा साध्या माशासारखीच असते, उभी पोहते, दोन बाजूंना दोन डोळे. मग वाढता वाढता एक डोळा डोक्यावरून पलीकडे सरकतो, लेपटीत दोन्ही डोळे डाव्या अंगाला येतात, आणि ती उजव्या कुशीवर जी आडवी होते ती कायमची. वरची बाजू मातकट, खालची पांढरी. डोळा कसा सरकला यावरून डार्विनला धारेवर धरलं होतं मिवार्ट नावाच्या गृहस्थाने १८७१ साली, अर्धवट सरकलेल्या डोळ्याचा उपयोग काय असं विचारून, आणि डार्विनने पुढच्याच वर्षीच्या आवृत्तीत त्याला उत्तर दिलं. भाकसचा वरचा डोळा मात्र अजून डोक्याच्या कडेवरच अडकलेला असतो, बाजारात मिळाला तर बघा, अर्ध्या वाटेत थांबल्यासारखा दिसतो.

आता लिप् वर आलोच आहे तर लिपीचं बोलल्याशिवाय राहवत नाही. लिपी हा शब्द लिप् पासून, लिंपणे म्हणजे शाईने माखणे, असं शाळेत शिकलो. मग मोठेपणी विद्वानांनी सांगितलं चूक, तो जुन्या फारसीतल्या 'दिपि'वरून आलाय, आणि ते दिपि अक्कादी (जुन्या इराकातली भाषा) तुप्पु, म्हणजे लेखनाची मातीची पाटी, त्यावरून. पुरावाही भक्कम आहे, अशोकाच्या शाहबाजगढी आणि मानसेहराच्या लेखांत दिपिच आहे, गिरनारला लिपी. मान्य. पण हे सांगताना ज्या सुरात सांगतात ना, की 'लिंपण्याशी काही संबंध नाही', तो सूर मला मान्य नाही. द चा ल आपोआप झाला का? दीपचा लीप झाला का कुठे? पाहुणा शब्द आला, इथल्या कानाला त्यात ओळखीचं लिंपणं ऐकू आलं, आणि त्याने तो आपल्या घरात सारवून घेतला. पाणिनीच्या सूत्रात लिपि आणि लिबि दोन्ही शेजारी शेजारी आहेत, म्हणजे घोळ तेव्हापासून चालू आहे. आणि मुळात तुप्पु काय, ओल्या मातीवर उमटवलेलं. लेप्प काय, ओल्या मातीने थापलेलं. लिपी सोयरीक करून आली तरी पडली लेपटीच्याच घरात! एवढं विद्वानांनी कबूल करावं, बाकी दिपि त्यांचंच.

निर्लेप, अलिप्त, लिप्त, हे सगळे याच खानदानातले. म्हणजे आपल्या मराठी माणसाने नॉनस्टिक तव्याला निर्लेप नाव दिलं तेव्हा भाषेची केवढी मोठी सेवा केली बघा, त्या तव्यावर लेपटी तळायची म्हणजे लेप निर्लेपावर. युरोपात पण हीच धातू फिरलीय, चिकटणे आणि चरबी असे तिचे अर्थ, ग्रीकमधे लिपोस म्हणजे चरबी, म्हणून डॉक्टर लोक लिपिड प्रोफाइल लिहून देतात. लेपटी खा म्हणजे लिपिड ठीक येईल असं मी घरी सांगतो, कुणी ऐकत नाही.

सोलायचं सांगतो, कारण इथेच लोक हात टेकतात आणि मग 'लेपटी वातड लागते' म्हणून बोंब मारतात. माझी आजी म्हणायची, 'आधी सोल, मगे तळ'. डोक्यामागे वरच्या मातकट बाजूला सुरीने आडवी चीर द्यायची, चामडीचं टोक नखाने उचलायचं, बोटं जाड्या मिठात बुडवायची म्हणजे निसटत नाही, आणि दुसऱ्या हाताने डोकं दाबून शेपटीकडे एका दमात ओढायचं. टर्र करून आवाज येतो आणि चामडी मोजा काढल्यासारखी निघते. थांबत थांबत ओढली तर मांस सोबत येतं. खालची पांढरी बाजू नुसती खवले काढून ठेवली तरी चालते. मग मीठ, हळद, कोकमाचं आगळ, लाल तिखट, पाव तास ठेवून तांदळाच्या पिठात घोळवून कमी तेलात. मसाला पातळच ठेवा, जाड लावला तर मासा कुठे आणि लेप कुठे कळणार नाही, आणि मग व्हिडिओवाले जिंकतील. खाताना मधला काटा कंगव्यासारखा अख्खा उचलून येतो. पोरांना पहिला मासा म्हणून द्यायला याच्याइतका सोपा दुसरा नाही. मार्केटातली कोळीण मला दर वेळी हेच सांगते, 'घे रे दादा, पोरांना काटा नाय लागायचा', आणि शेजारचा गिऱ्हाईक तिच्याकडे न बघता हलवा माशाची किंमत विचारत असतो.

अरे हो, अनेकवचन विचारलं होतं. एक लेपटी, दोन लेपट्या. मालवणात एक लेपो, दोन लेपे. आणि मेन्यूवर दोन सोल लिहिलेले दिसले तर आधी ते कातडीसकट दाखवायला सांगा.