नेमून दिलेल्या कामापलीकडचं काम कसं मोजायचं?

प्रश्न : सातपूरला सुटे भाग बनवणारा आमचा कारखाना आहे. ७० कामगार, तीन पाळ्या. वार्षिक मूल्यमापनात ‘पुढाकार व सहकार्य’ याला २० गुण आहेत. ते दरवर्षी उशिरापर्यंत थांबणाऱ्यांच्याच पदरात पडतात आणि बाकीचे नाराज होतात. हे गुण नीट कसे द्यावेत?

उत्तर : उशिरा थांबणं आधी या रकान्यातून काढा. पाळी संपल्यावर केलेलं काम हा ओव्हरटाइम आहे. त्याचे पैसे कायद्याने दुप्पट दराने द्यायचे असतात. ते गुणांवर भागवणं अन्यायाचं आहे.

खरी अडचण ‘पुढाकार’ या शब्दात आहे. तो स्वभाव सांगतो, कृती नाही. मग सुपरवायझर आपल्या मनातल्या प्रतिमेलाच गुण देतो. नेमून दिलेल्या कामापलीकडे आपणहून केलेल्या वागणुकीचा हा विषय नावारूपाला आणणारे अमेरिकी अभ्यासक डेनिस ऑर्गन यांनी १९८८ मध्ये अशा वागणुकीचे पाच पैलू मांडले. तुम्हाला मात्र दोनच घरं पुरतील : सहकाऱ्याच्या उपयोगी पडलेली कृती आणि कारखान्याच्या उपयोगी पडलेली कृती.

त्याआधी प्रत्येक पदाचं नेमून दिलेलं काम लिहून काढा. ऑपरेटरचं उत्पादन, रिजेक्शन, मशीनची सफाई, पाळी बदलतानाची नोंद हे सगळं कर्तव्य; त्याला इथे गुण नाहीत. मग तीस-चाळीस कृतींची यादी घ्या आणि ‘हे कामात धरता का?’ असं ऑपरेटर व सुपरवायझर यांना वेगवेगळं विचारा. जिथे उत्तरं जुळत नाहीत, तिथेच तुमच्या कुरबुरींचं मूळ सापडेल. ही पायरी गाळू नका.

दोघांनीही कामात न धरलेल्या कृतींतून आठ-दहा वाक्यं निवडा : ‘नव्या माणसाला सेटिंग शिकवलं’, ‘हवेची गळती दिसताच कोणी विचारायची वाट न पाहता कळवली’. गुण वारंवारतेला द्या. गेल्या तीन महिन्यांत एकदाही नाही म्हणजे १, एक-दोनदा २, महिन्यातून एकदा ३, आठवड्यातून एकदा ४, जवळजवळ रोज ५. चार किंवा पाच देणाऱ्याने निदान एक प्रसंग तारखेसह लिहावा. भट्टीवर एकट्याने काम करणाऱ्याला मदतीची संधीच येत नाही. त्याच्यासाठी ‘संधी नव्हती’ हा वेगळा रकाना ठेवा आणि ते वाक्य सरासरीत धरू नका. शून्य तर मुळीच देऊ नका.

रात्रपाळीत काय होतं ते दिवसाच्या सुपरवायझरला दिसत नाही, म्हणून त्याच पाळीतल्या दोन सहकाऱ्यांकडूनही फॉर्म भरून घ्या. उत्पादनाचे आकडे दाखवण्याआधीच हे फॉर्म गोळा करा. नाहीतर जास्त माल काढणारा माणूस सगळ्याच बाबतींत चांगला वाटू लागतो.

गैरहजेरी किंवा कामचुकारपणाचे गुण इथून वजा करू नका, त्यांची नोंद वेगळी ठेवा. पगारवाढही या गुणांना थेट बांधू नका. बांधलीत, की मदत सक्तीची होते आणि साहेब समोर असतानाच केली जाते. पहिल्या वर्षी २० ऐवजी १० गुण ठेवा आणि तीन फॉर्म किती जुळतात ते पाहा. एकाच माणसाला एकाने ५ आणि दुसऱ्याने १ दिला असेल, तर आधी ते वाक्य बदला.